अंगठ्याआधीची वीस मिनिटं

तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, कारण तू मध्ये बोललीस की माझा धागा सुटणार, आणि मग हे परत पहिल्यापासून सांगायला माझं तोंड उघडायचं नाही.

आमच्या स्पोर्ट्स सेंटरच्या मागच्या अंगणात एक टाकी आहे. स्टीलची, आडवी, कधीकाळी डेअरीत तिच्यात दूध ठेवायचे, आता आम्हाला ठेवतात. प्रॅक्टिस झाली की तिच्यात बर्फ फोडून टाकायचा, पाणी दहा-अकरा अंशांवर आणायचं आणि कमरेपर्यंत दहा मिनिटं बसायचं. पायांची सूज उतरते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवत नाही, असं सर म्हणतात. आम्ही मुली त्या टाकीला सासर म्हणतो. "चल गं, सासरी जाऊन येऊ." कारण तिथंही मान खाली घालून बसायचं, ओठ आवळायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचं, छान चाललंय.

आणि तिथं एकटीनं बसायचं नाही, जोडीनंच जायचं. एक आत, एक बाहेर घड्याळ घेऊन. आतलीनं मोठ्यानं पाढे म्हणायचे, सतरापासून पुढचे, सोपे नाहीत. जीभ अडखळली की बाहेरचीनं बखोटीला धरून तिला वर ओढायचं, मग चारच मिनिटं झालेली असोत. सर म्हणतात, गारठा आधी जीभ खातो आणि मग अक्कल.

तर माझी जोडीदार भिंगरी. तीन वर्षं एका खोलीत, समोरासमोरचे पलंग. तिचं खरं नाव फक्त हजेरी घेताना ऐकू येतं. पायाला भिंगरी लागलेली पोर, बसली तरी पाय हलणार. चारशे मीटर पळते. म्हणजे पळायची.

मी पण चारशेच. आमच्या रिलेत चौघी पळतात आणि एक राखीव, ती पाचवी म्हणजे मी. दोन वर्षं मी पाचवी. मला सगळ्या स्टेपनी म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, आणि मी हसते पण, न हसून काय करू? पण चौघींत नाव आलं की पुढच्या वर्षीचा हॉस्टेलचा पलंग पक्का. पाचवीचं काही पक्कं नसतं, ते वरच्यांच्या मर्जीवर. त्याच्या खालच्यांनी वळकटी बांधायची. भिंगरीसाठी घर म्हणजे आईच्या लॉन्ड्रीतलं इस्त्रीचं टेबल. काकूंचे, म्हणजे तिच्या आईचे, हात मी पाहिलेत, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. भिंगरी म्हणायची, "मी लंगडत पळेन पण त्या टेबलामागे उभी राहणार नाही."

ती असं म्हणायची. मी ऐकायचे. मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटायचं.

आता सरांचा अंगठा. हे नीट ऐक, कारण सगळं त्याच्यावरच आहे. सर रोज सकाळी साडेसातला आम्हाला एका बाकावर ओळीनं बसवतात, पाय लांब करायला लावतात आणि गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत नडगीचं हाड अंगठ्यानं दाबत येतात. तोंडाकडे बघत. तुमचं काही नाही झालं तर म्हणतात, "दगड," आणि पुढच्या मुलीकडे सरकतात. पापणी हलली, ओठ दाबला, श्वास जरा वेगळा झाला, की म्हणतात, "फोटो." मग तुम्ही ट्रॅकवर जायचंच नाही, दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढायचा आणि कमीत कमी तीन आठवडे बाहेर बसून बाकीच्यांची वेळ घ्यायची. रडा, पाया पडा, काही उपयोग नाही. सर स्वतः बाविसाव्या वर्षी तडकलेल्या नडगीवर पळाले होते. त्यांची तेव्हा कुणी दाबून पाहिली नाही. तेव्हापासून त्यांचा एक पाय दीड बोटानं आखूड आहे. मशिनवर त्यांचा जितका विश्वास नाही तितका त्या अंगठ्यावर आहे. आम्ही पाठीमागे त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचो. आता नाही म्हणत.

निवड चाचणीच्या पाच आठवडे आधीची गोष्ट. भिंगरी हॉस्टेलचा जिना आडवी होऊन उतरत होती.

"काय दुखतंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग खेकड्यासारखी का उतरतेस?"

"नवी फॅशन आहे. तुला नाही कळायची."

दुपारी खोलीत आल्यावर मी तिचा पाय माझ्या मांडीवर ओढला आणि सरांसारखा अंगठा फिरवत आले. घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला, शर्टाच्या बटणाएवढी एक जागा होती. मी जेमतेम टेकवला अंगठा. तिनं उशी तोंडात कोंबली.

"भिंगरे, उद्या सर फोटो म्हणणार."

तिनं उशी बाजूला टाकली. मग उठून बसली आणि मला म्हणाली, "टाकीत दहा मिनिटं बसल्यावर तुला स्वतःचे पाय जाणवतात?"

"नाही."

"मग झालं तर."

कळलं ना तुला? टाकी प्रॅक्टिसनंतरची असते. आमच्यापैकी कुणाच्या, अगदी सरांच्याही डोक्यात आलं नव्हतं की कुणी त्या टाकीत प्रॅक्टिसच्या आधी बसेल. कोण बसेल हौसेनं? पण बर्फाचा टेम्पो अकराला येतो, आणि आदल्या दिवशीची उरलेली लादी भुशाच्या पेटीत झाकून ठेवलेली असते, आणि त्या पेटीचं काम माझ्याकडे. राखीव असल्यावर अशी कामं आपोआप तुमच्याकडे येतात. तर रोज सातला आम्ही दोघी मागच्या दारानं अंगणात. मी लादी फोडायची, ती काठावर बसून डावा पाय गुडघ्यापर्यंत आत सोडायची. दहा नाही, वीस मिनिटं. पहिली दोन मिनिटं तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती मला शिव्या द्यायची, मग पाय लाकूड व्हायचा आणि ती जोक मारायला लागायची.

मग पाय पुसायचा. पण नुसता पुसून चालत नव्हतं, गार नडगी सरांच्या हाताला लागली असती. म्हणून ते गरम मलम, आम्ही सगळ्याच चोळतो ते, ते मी तिला खसाखसा चोळायचे. वरची कातडी लाल आणि उबदार, आत सगळं बधिर. साडेसातला सर अंगठा फिरवत यायचे आणि म्हणायचे, "दगड."

पहिल्या दिवशी आम्ही खोलीत येऊन इतक्या हसलो, इतक्या हसलो की माझ्या बरगड्या दुखल्या. मला वाटलं आम्ही काय डोकं लढवलंय. तेव्हा खरंच मजा वाटली मला, ते मी लपवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मजा संपली. बधिरपणा तासाभरानं उतरायचा आणि ती अर्ध्या प्रॅक्टिसपासून खऱ्या पायावर पळायची. पळायची पण कशी, तिची वेळ उलट सुधारत होती. सर खूश. ती ट्रॅकवरून बाहेर आली की हसायची आणि खोलीचं दार लागलं की भिंत धरून खाली बसायची. घोट्याच्या वर एक उंचवटा आला होता. चणा ठेवल्यासारखा. मी तो रोज बघायचे, मलम चोळताना तो माझ्या बोटांखाली असायचा, आणि रोज मी स्वतःला म्हणायचे की आज सांगते.

एकदा बोलले तिच्याशी. म्हटलं, "तू सांग सरांना. तीन आठवडे जातील, पाय तर राहील."

"तीन आठवड्यांनी चाचणी संपलेली असेल."

"मग मी सांगते."

तिनं बुटाची नाडी बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी सरळ. म्हणाली, "सांग की. स्टेपनी कशाची वाट बघते? चाक पंक्चर व्हायची."

 आणि सगळ्यात वाईट काय, तर ते खोटं नव्हतं. ती बाहेर बसली की चौथी मीच. मी सरांच्या खोलीचं दार वाजवलं असतं तर सर म्हणाले असते, बरं केलंस. पण जेवणाच्या टेबलावर सगळ्या काय म्हणाल्या असत्या? मैत्रिणीचा पाय दाखवून पलंग मिळवला. आणि मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते की तसं नाहीये म्हणून. रात्रंदिवस डोक्यात तेच. तिचा पाय वाचावा असं वाटायचं का तिनं बाजूला व्हावं असं वाटायचं? दोन्ही एकाच वाक्यात बसायचं. मला वेगळं करता येईना.

मग चाचणीच्या आदल्या दिवशी मला मार्ग सापडला. म्हणजे मला तो मार्ग वाटला. मी सांगायचं नाही. अंगठ्यानंच सांगावं.

चाचणी नऊला होती, बाक नेहमीसारखा साडेसातला. मी पावणेसातला एकटीच अंगणात गेले. पेटी उघडली, लादी बाहेर काढली आणि टाकीच्या मागे, गटाराच्या कडेला गवतात नेऊन टाकली. बर्फाचे थोडे खडे तेवढे टाकीत सोडले, वर तरंगायला. पाणी रात्रभराचं होतं. थर्मामीटर बुडवला, एकोणीस. एकोणीस अंशांनी काही बधिर होत नाही गं, फार तर बरं वाटतं.

भिंगरी आली, काठावर बसली, पाय सोडला. "किती?" तिनं विचारलं.

"अकरा," मी म्हटलं.

त्या दिवशी तिनं शिव्या दिल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाली, "आज चावत नाहीये फारसं."

"सवय झालीये तुला."

"असेल." मग ती गप्पच बसली. वीस मिनिटं. जोक नाही, काही नाही, अधूनमधून माझ्याकडे बघायची. मी घड्याळाकडे बघत होते. ते खडे विरघळून गेले पाचएक मिनिटांतच, मला वाटलं आता हिला कळणार. ती काही बोलली नाही. मी पाय पुसला, मलम चोळलं, त्या जागेवरून माझी बोटं गेली तेव्हा तिचा सगळा पाय थरथरला. मी मनात म्हटलं, बास. आता दहा मिनिटांत सगळं संपेल. सर फोटो म्हणतील, ती रडेल, मला माहीतही नव्हतं असं मी तोंड करेन, आणि तिचा पाय वाचेल.

बाकावर ती माझ्या उजवीकडे. सर गुडघ्यावर बसले. अंगठा वरून निघाला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, सरही बघत होते. अंगठा मध्यावर आला, आणखी खाली आला, आणि त्या जागेवर आला. दाबला. आणि भिंगरी म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "सर, आज वारा शेवटच्या वळणावर समोरून येतोय का?"

"येतोय थोडा," सर म्हणाले. "दगड."

पापणी हलली नाही. काहीच हललं नाही. फक्त बाकाखाली तिच्या हातानं माझं मनगट पकडलं होतं. इतकं घट्ट की तिची नखं आत गेली. ही बघ खूण, अजून आहे. सर तोवर माझ्या नडगीवर आले होते, माझ्या पायाला काहीच झालेलं नव्हतं आणि माझ्याच डोळ्यांत पाणी. सरांनी विचारलं, "दुखतंय?" मी म्हटलं, "नाही सर, मलम डोळ्यात गेलं." सर हसले. "दगड."

तेव्हा बोलता आलं असतं. सर समोर होते, हातभर अंतरावर. सर, तिची परत बघा. चार शब्द. मी ते जुळवत होते तोवर सर उठून पुढच्या मुलीकडे गेले, मग शिट्टी झाली, मग सगळ्या उठल्या.

नऊला आम्ही सातजणी ट्रॅकवर. पहिल्या चौघी आत. भिंगरी माझ्या बाहेरच्या लेनमध्ये, म्हणजे सुरुवातीला माझ्या थोडी पुढे, मला ती पूर्ण वेळ दिसत होती. ती असली पळाली की तिला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. दोनशेपर्यंत पहिली. शेवटच्या वळणावर वारा समोरून आला, तिनं जोर लावला, आणि आवाज आला. लाकडी पट्टी टेबलावर आपटून मोडली की येतो ना, तेवढाच, फार मोठा नाही. ती बाजूवर पडली आणि तिचा पाय भलतीकडे वळला होता, जिथं पायाला वळायला जागा नसते तिथं.

आणि मी थांबले नाही.

थांब, बोलू नकोस, सांगते. मला आवाज ऐकू आला. मी पाहिलं. मला कळलं काय झालंय ते, तिथं असलेल्या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळलं. आणि पाय चालूच राहिले. सव्वाशे मीटर राहिले होते. मी तिच्या बाजूनं गेले आणि लाइन ओलांडली आणि वेळ घेणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर हात मारून सांगितलं, "चौथी." त्यानंतर मी वळून पळाले तिच्याकडे. तोवर सर तिच्याजवळ पोचले होते, तो आखूड पाय ओढत.

तिच्या पायात आता स्टीलची पट्टी आहे आणि सात स्क्रू. डॉक्टर सरांना माझ्यासमोरच म्हणाले, "ही चीर महिन्याभराची आहे. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"  सरांनी उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत घेतला आणि तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून बाक नाही. सर लांबून शिट्टी वाजवतात. कुणाच्याच पायाला हात लावत नाहीत, मुली स्वतःहून पाय पुढे करतात तरी. म्हणतात, "दवाखान्यात जाऊन या, माझ्या हातात काही राहिलं नाही." त्यांना वाटतं अंगठा चुकला. अंगठा चुकला नव्हता गं, रोज त्याला फसवत होतो आम्ही. मी हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काल गेले होते भिंगरीला बघायला. काकू कॉरिडॉरमध्येच भेटल्या. मला जवळ घेतलं आणि विचारलं, "तू तर तिच्याच खोलीत असतेस, तुला कधी काही दिसलं नाही का गं?" मी म्हटलं, "नाही काकू." त्या म्हणाल्या, "लबाड आहे ती, लहानपणापासून दुखणं लपवते. तुझा काय दोष." आणि चहा आणायला खाली गेल्या.

भिंगरी उशीला टेकून बसली होती. पाय टांगलेला. मी स्टुलावर बसले. थोडं इकडचं तिकडचं झालं, मेसमध्ये काय, कोणाचं काय. मग ती म्हणाली, "पाणी गार नव्हतं त्या दिवशी."

मी तिच्या टांगलेल्या पायाकडे पाहिलं.

"पाय सोडला तेव्हाच कळलं मला. पाच आठवडे बसलेय मी त्यात, मला अकरा माहीत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.  "उठायचं होतंस. लादी मागायची होतीस. बाकावर नुसती पापणी हलवायची होतीस."

"मला वाटलं तू बोलशील. म्हटलं हिनं बर्फ टाकला नाही, म्हणजे ही आता बोलेल. वीस मिनिटं वाट बघितली." तिनं चादरीचा काठ बोटाला गुंडाळला. "माझ्याच्यानं थांबवत नव्हतं गं. मी स्वतः थांबले असते तर आयुष्यभर स्वतःला शिव्या दिल्या असत्या. कुणीतरी दुसऱ्यानं थांबवायला हवं होतं. बाकावर तुझा हात धरला होता ना मी."

"मला वाटलं कळ सोसायला धरलास."

"ते तर होतंच." मग म्हणाली, "मग पळताना मागून तुझी पावलं ऐकू येत होती. पडल्यावर पण ऐकू येत होती."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती हे असं सांगत होती, जसं बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं. मी तोंड उघडलं तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. भिंगरीनं कप घेतला आणि म्हणाली, "आई, ही शुक्रवारी चाललीये संघाबरोबर. रिलेत आहे, चौथी." काकूंनी त्यांच्या त्या भाजलेल्या हातानं माझा गाल धरला. म्हणाल्या, "जा बाई. हिच्या वाटचं पण तूच पळ."

भिंगरी चहा फुंकत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

आज बुधवार आहे. बॅग भरलेली आहे, समोरच्या पलंगावरची गादी काल गुंडाळून नेली. मी पळायला बाहेर पडते आणि दोनशे मीटरवर माझे पाय थांबतात, काही दुखत नाही तरी. सरांना सांगितलं तर भिंगरीनं पाच आठवडे सगळ्यांना फसवलं हे बाहेर येतं, आणि चाचणीत जखमी झाली म्हणून तिच्यासाठी राखून ठेवलेली पुढच्या वर्षीची जागा पण जाते, दुखापत लपवणाऱ्याला परत घेत नाहीत. नाही सांगितलं तर सर तो अंगठा मुठीत धरून फिरत राहणार. पण ते उद्याचं झालं, त्याचं मी बघेन. मला तू त्या सकाळचं सांग. आता बोल, आता मी गप्प बसते. पण मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस. सरांचा अंगठा तिच्या नडगीवर आहे, तुझं मनगट तिच्या हातात आहे, आणि ती बाहेर पडली की आत जाणार आहेस ती तूच. तू काय केलं असतंस?